पंपाच्या सुरात सहा गाणी

एखाद्या रॉक बँडचा दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा वेगळा निघाला की जाणकार मंडळी लगेच म्हणतात, बँड प्रगल्भ झाला, आवाजाचा शोध खोलवर गेला. 'जादा गाडी' या बँडच्या दुसऱ्या अल्बमबद्दलही कुणीतरी असं लिहिलंच. प्रत्यक्षात त्या बँडचा आवाज बदलला तो तळमजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांमुळे, इमारतीच्या जुन्या वायरिंगमुळे आणि पाण्याच्या पंपामुळे. शोधबिध कुणी घेतला नव्हता. चौघांनाही नोकरीधंदा होता आणि शोध घ्यायला रजा मिळत नाही.

दादा गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. एरवी तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर दुकानदाराकडे अशा नजरेने बघायचं की त्याला कबुली दिल्यावाचून गत्यंतर उरू नये. वीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या स्वभावाचं जे व्हायचं ते झालं होतं. समोरच्या भिंतीवरचं चित्र दोराभर तिरकं असलं तरी त्याला घास गिळवत नसे. ड्रम वाजवायला एक दंतवैद्य होता, बेस गिटार शाळेतल्या भूगोलाच्या बाई वाजवायच्या, आणि गायची ती दादाची धाकटी बहीण. ती बस स्थानकावर उद्घोषणा करायची. निम्म्या शहराने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ती सांगेल त्या फलाटावर तेच शहर बोचकी घेऊन धावत सुटायचं. ती 'दादा' म्हणायची म्हणून बाकीचेही त्याला दादाच म्हणायचे.

पहिला अल्बम अठरा वर्षांपूर्वी आला होता. त्यात इतका दणका होता की ऐकणारा शेवटपर्यंत टिकला तर चौघं त्याला भेटायला जात. दुसऱ्याचं 'यंदा करूच' असं चाललं होतं, आणि असे अठरा 'यंदा' निघून गेले. मग एके दिवशी धाकटीच्या घशात गाठ निघाली. घशाचे डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे, घाबरायचं कारण नाही. पण काढावी लागेल."

"आणि आवाज?" दादाने विचारलं.

"राहील की. कसा राहील ते मात्र काढल्यावरच कळेल."

ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. दादा घरी आला आणि चपला न काढता खुर्चीत बसून राहिला. लहानपणी वीज गेली की धाकटी अंधारात गात बसायची. लोकांना वाटे, एवढीशी पोर घाबरली असेल आणि मोठा भाऊ तिला धीर देत असेल. खरं तर तिच्याहून सात वर्षांनी मोठा असलेला दादा त्या आवाजाच्या भरवशावर काड्यापेटी शोधायला स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकायचा. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, धाकटीलाही नाही. तो उठला आणि बँडमधल्या बाकी दोघांना फोन करून म्हणाला, अल्बम आता करायचाच, तिचा आवाज आहे तोवर.

पहिला अल्बम जिथे झाला त्या स्टुडिओत आता व्यायामशाळा होती. म्हणून दादाची मागची खोली ठरली. भिंतींना गाद्या उभ्या करून लावल्या. गाद्या जिन्यावरून वर जाताना बघून तीन शेजाऱ्यांनी घरात कोण आजारी आहे म्हणून चौकशी केली, आणि कुणीच नाही म्हटल्यावर त्यांचा थोडा हिरमोड झाला. समोरच्या काकूंनी गाद्यांना ढेकूण होतील असं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने त्याऐवजी अंड्यांचे खोके लावायचा सल्ला दिला आणि स्वतःकडचे चार आणून दिले. चारांत काय होणार होतं? पण त्याचं मन मोडू नये म्हणून ते दारामागे लावले.

पहिल्याच दिवशी ड्रमचे चार ठोके पडले आणि न्यायाधीश स्वतः वर आले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मी निकाल लिहिताना आयुष्यभर शांततेची वाट पाहिली. आता कुठे, पंपाची सवय झाल्यावर, मिळाली आहे." दंतवैद्य एवढा शरमला की त्याने ड्रम परत नेले आणि दुसऱ्या दिवशी एक जुनी सूटकेस आणली. ती तो दोन नव्या टूथब्रशांनी वाजवू लागला. तिसऱ्या दिवशी अॅम्प्लिफायर आणि फ्रीज एकाच वेळी चालू झाले आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. दोघांपैकी एकच चालेल म्हटल्यावर दादाच्या बायकोने फ्रीज निवडला. इलेक्ट्रिक गिटार कपाटावर गेली, साधी गिटार खाली आली. पंधरा दिवसांत रॉक बँडमधला रॉक असा निघून गेला.

उरला पंप. मागच्या खोलीच्या बरोबर खाली इमारतीच्या पाण्याचा पंप होता. तो इतका म्हातारा झाला होता की टाकी भरायला त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ लागायचा. दिवसभर एकच हूंऽऽऽ चालू. रेकॉर्ड केलेलं काहीही ऐकलं तरी तळाशी तो कण्हत असायचा. गाद्या, अंड्यांचे खोके, कशालाच तो दाद देईना. दादा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "अहो, नदी वळत नसेल तर गाव तिच्या काठाने वसवतात. तो एकच सूर धरून बसलाय ना? मग आपण त्याला लावून घेऊ."

दादाने सूर मोजायचं छोटं यंत्र खिडकीत धरलं. पंप पेटीवरच्या पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी गात होता. जगातलं कुठलंही वाद्य तिथे जन्मतः लागलेलं नसतं. दादाने गिटार, बेस सगळं त्या सुराला लावलं, यंत्राचा काटा हलायचा थांबेपर्यंत. मग धाकटी गायला उभी राहिली आणि खोलीत काहीतरी वेगळंच झालं. खाली तो अखंड सूर, वर टूथब्रशांची सळसळ आणि मध्ये तिचा स्वच्छ, उभा आवाज. गाणं संपलं तेव्हा बायको दारात येऊन उभी होती, तिच्या हातातली कढई तशीच होती. पाच आठवड्यांत अशी सहा गाणी झाली. तीन राहिली, आणि हातात तीन आठवडे होते. दादा त्या दिवसांत भलताच सुखात होता.

तेवढ्यात पाणीपुरवठा कार्यालयाचं पत्र आलं. 'आपल्या अर्जानुसार आपल्या इमारतीस नवीन पंप मंजूर झाला असून तो येत्या सोमवारी बसविण्यात येईल.'

अर्ज दादाचाच होता. तो इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी होता आणि तीन वर्षांत त्याने एकूण सतरा अर्ज केले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक.

तो तातडीने कार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंनी फाईल काढली. फाईल बघूनच त्यांनी त्याला ओळखलं.

"तुम्हीच का ते? तुमची पत्रं आम्ही नवीन लोकांना वाचायला देतो. मिळाला ना पंप शेवटी!"

"हो, आभारी आहे. पण तो तीन आठवड्यांनी बसवता येईल का?"

बाईंनी चष्मा काढला. "का?"

"सध्याच्या पंपाचं थोडं काम चालू आहे."

"दुरुस्तीचं?"

"नाही. गाण्याचं."

बाईंनी चष्मा परत घातला आणि एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात पुढे ढकलण्याची कारणं छापलेली होती: पूर, आग, न्यायालयीन स्थगिती, इतर. दादाने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या ओळीत 'सांस्कृतिक' असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि मऊपणाने सांगितलं, "असं करू नका. आता नको म्हणालात तर हा पंप दुसऱ्या इमारतीला जाईल, आणि तुमचा नंबर पुन्हा शेवटी लागेल. शिवाय रहिवाशांची संमती लागते."

म्हणून रहिवाशांची सभा भरली. न्यायाधीश अध्यक्ष होते. दादाने विषय फार नाजूकपणे मांडला. चौथ्या मजल्यावरच्या आजींना ऐकायला कमी येत असे, त्यामुळे त्यांना तो तीनदा मांडून सांगावा लागला, आणि प्रत्येक खेपेला तो आधीपेक्षा जास्त विचित्र वाटू लागला. शेवटी आजींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गाणार म्हणून मी अजून तीन आठवडे बादली चढवायची का रे बाळा?"

मग न्यायाधीशांनी फाईल उघडली आणि दादाचा सतरावा अर्ज मोठ्याने वाचला. "'सदर पंपाचा आवाज हा मानवी कानांस असह्य असून त्याच्या वर राहणाऱ्या व्यक्तीच्या मनःस्वास्थ्यावर परिणाम होण्याचा संभव आहे.' सेक्रेटरी साहेब, ही सही आपलीच ना?" दादाने सही ओळखली. सभा हसली. दादाच्या बायकोलाही हसू आवरलं नाही, याचं त्याला सर्वांत वाईट वाटलं. ठराव एकमताने फेटाळला गेला. एकमताने, कारण त्या इमारतीत सेक्रेटरीला मत नसे.

सोमवारी नवीन पंप बसला. त्याने चाळीस मिनिटांत टाकी भरली आणि तो गप्प झाला. आजींनी चौथ्या मजल्यावरून आशीर्वाद दिला. दादा मागच्या खोलीत त्या शांततेत बसून होता. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की नुसत्या पंपाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवायचं त्याला पाच आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. दादाने पंप बसवणाऱ्या फिटरला गाठून जुना पंप मागून घेतला आणि न्हाणीघरात आणला. "साहेब, हा तुम्ही पाळणार का?" फिटरने विचारलं. पंप टबात बसवला, पाणी भरलं, बटण दाबलं. पंप गायला, पण घर बदलल्यामुळे की काय, सूर पार चढला होता. दादाने त्याच्यावर उशी दाबली, एक वीट ठेवली, शेवटी दंतवैद्याला त्यावर बसवलं. दंतवैद्य बसल्यावर सूर थोडा उतरला, पण पंप सरकला, पाइप निसटला आणि पाण्याचा लोंढा न्यायाधीशांच्या छतावर उतरला. ते पुन्हा वर आले. या वेळी ते नुसते दाराशी उभे राहिले, केसांतून पाणी गळत. पंपाने त्यानंतर कायमचं मौन धरलं.

आता ऑपरेशनला अकरा दिवस उरले होते. दादाने ठरवलं, पंप नसला तर नसला, सूर तोच हवा. एका अल्बममध्ये दोन मापं चालायची नाहीत. त्याने ते यंत्र धाकटीच्या समोर ठेवलं आणि काट्याकडे बघत बसला. ती गायली.

"पुन्हा एकदा. केसभर वर गेलीस."

ती पुन्हा गायली.

"आता केसभर खाली."

दंतवैद्याने टूथब्रश खाली ठेवले. भूगोलाच्या बाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. बायको पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही तिचा आवाज जपताय की संपवताय?" दादाने मान वर केली नाही. त्याचं सगळं लक्ष काट्यावर होतं. एकोणिसाव्या वेळी धाकटीने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिने घशावर हात ठेवला आणि दादाकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती.

घशाच्या डॉक्टरांनी ऑपरेशनपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. झालं. जो आवाज जपायला दादाने हा घाट घातला होता, त्याचे शेवटचे अकरा दिवस त्यानेच खाऊन टाकले होते. त्याने तिची माफी मागितली. तिने वहीत लिहून दाखवलं, 'असू दे.' दादाला ते दोन शब्द सहन होईनात. ती भांडली असती तर त्याला रात्री झोप तरी लागली असती.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस मौन, मग हळूहळू बोला. दहा दिवस गेले, वीस गेले. दादा रोज संध्याकाळी तिच्या घरी जायचा. ती वहीत लिहायची, 'अजून नाही.' मग दोघं न बोलता बसायचे. महिना झाला तरी 'अजून नाही'च होतं. दादाने उरलेल्या तिन्ही गाण्यांचा विषय मनातून काढून टाकला. आता ती नुसती 'दादा' म्हणाली असती तरी त्याला पुरे होतं.

असाच एक दिवस कामानिमित्त तो बस स्थानकावर गेला. तिथला सामान तोलायचा काटा तपासायचा होता. तो खाली वाकून वजनं मांडत होता तेवढ्यात वर स्पीकरमधून आवाज आला. जाड, खरखरीत, जरा दमलेला. फलाट क्रमांक सहा, गाडी वीस मिनिटं उशिरा. दादाने वर पाहिलं. म्हणजे धाकटीच्या जागी बदली बाई आणली होती! आणि आणली तरी कशी! पुढच्या पंधरा मिनिटांत त्याने चार उद्घोषणा ऐकल्या आणि प्रत्येक खेपेला त्याचं मस्तक आणखी तापलं. जिथे धाकटी वीस वर्षं बोलत होती तिथे हे? त्याने अधीक्षकांकडे जाऊन तक्रारवही मागितली आणि उभ्या उभ्या लिहिलं:

'आज सकाळी अकरा ते सव्वाअकरा या वेळेत मी स्वतः लक्षपूर्वक ऐकले असता असे आढळून आले की, बदली उद्घोषिकेचा आवाज घोगरा, जड व प्रवाशांचा उत्साह घालविणारा आहे. मूळ उद्घोषिका आजारी असून लवकरच रुजू होतील. तोपर्यंत त्यांच्या जागी असा आवाज ऐकविणे हा त्यांचा अपमान आहे.'

अधीक्षकांनी ते वाचलं, दादाकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे संबंधित कर्मचाऱ्याची सही लागते. शेवटची खोली. तुम्हीच घेऊन या." दादा वही घेऊन तडक गेला आणि दार लोटलं.

काचेच्या खोलीत माइकपुढे धाकटी बसली होती.

तिने वही त्याच्या हातातून घेतली, वाचली, खाली सही केली आणि परत दिली. मग त्या जाड, खरखरीत आवाजात म्हणाली, "म्हणूनच तुझ्याशी बोलले नाही, दादा."

तो काही बोलणार तेवढ्यात तिने हाताने थांबवलं. एक गाडी लागली होती. तिने माइक चालू करून फलाट सांगितला, गाव सांगितलं, मध्ये कुठे थांबणार ते सांगितलं. बाहेर माणसं उठली आणि नेहमीसारखी धावत सुटली. एकानेही मान वर करून बघितलं नाही. एवढ्या मोठ्या स्थानकात तो आवाज नको असलेला माणूस एकटा दादाच होता, आणि तो हातात वही घेऊन उभा होता.

"बावीस दिवस झाले कामावर येऊन," ती म्हणाली. "सगळ्यांशी बोलते. तुझ्यापुढे तोंड उघडायचं म्हटलं की तू यंत्र काढशील असं वाटायचं." मग तिने पुढच्या गाडीचा कागद ओढला. "जा आता. पाच वाजेपर्यंत ड्यूटी आहे माझी."

दादा गेला. त्या दिवशी त्याने उरलेल्या तराजूंना हात लावला नाही. पुढचे आठ दिवस तो तिच्या घरीही गेला नाही, कारण काय तोंड घेऊन जायचं ते त्याला कळत नव्हतं.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, धाकटीच त्याच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात शिक्का मारलेला लिफाफा होता. "तक्रारीला आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, तुझा भाऊच आहे, तूच लिही आणि तूच पोचव."

दादाने तिथेच उभ्याने वाचलं. 'विषय: आवाजाबाबत तक्रार. आपल्या तक्रारीची चौकशी करण्यात आली. सदर उद्घोषिका बदली नसून मूळच आहेत. आवाज बदलून मिळणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

खाली एक छापील रकाना होता. 'तक्रारदाराचे समाधान झाले काय? होय / नाही. नसल्यास कारण.'

धाकटीने पेन पुढे केलं. दादाने ते घेतलं. 'होय' लिहून मोकळं होणं सोपं होतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. पण वीस वर्षांत त्याने चुकीच्या तराजूवर कधी शिक्का मारला नव्हता. त्याने 'होय' खोडलं. मग कारणाच्या ओळीत लिहिलं, 'जुन्या आवाजाची आठवण येते.' आणि लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले, ते त्याने लपवले नाहीत.

धाकटीने कागद घेतला आणि वाचला. तिने तो पुन्हा वाचला. दादाला वाटलं, आता ही जाईल.

"मला पण येते," ती म्हणाली.

मग ती आत आली, मागच्या खोलीत गेली आणि गाद्यांमधल्या स्टुलावर बसली. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "तीन गाणी राहिलीत," ती आतून म्हणाली, "त्या दोघांना फोन कर."